‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्यांनो, आधी टेन्शन देणे थांबवा

आजारी माणसाला सर्वांत जास्त वेळा ऐकवले जाणारे वाक्य कोणते असेल, तर ते ‘टेन्शन घेऊ नका’ हे. आम्ही डॉक्टर म्हणतो, मेडिकलवाला गोळ्यांची पुडी बांधताना म्हणतो, भेटायला आलेले पाहुणे म्हणतात. ज्या साहेबाने ते टेन्शन दिलेले असते, तोही रजेच्या अर्जावर सही करताना हेच म्हणतो. घाटाखालच्या एका शेतकरी रुग्णाने मला यावर एकदा सरळ उत्तर दिले होते, “टेन्शन मी कुठी घेतो साहेब, थे घरी येऊनच बसते.”

आजचा लेख या वाक्याच्या विरोधात आहे. मनःशांती म्हणजे केवळ ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न, असे आपण धरून चाललो आहोत. झोप येत नाही? ध्यान करा. चिडचिड होते? प्राणायाम करा. कामावर जीव रमत नाही? सकारात्मक विचार करा. म्हणजे सगळा दोष रुग्णाचा आणि सगळी मेहनतही रुग्णाचीच. तो राहतो कुठे, काम करतो कुठे, त्याच्या डोक्यावर कोण बसले आहे, रात्री त्याच्या खिडकीबाहेर काय वाजते, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा आजार आधी त्या जागेत असतो आणि मग माणसात येतो.

याचा पुरावा शोधायला बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. शेगावला जाऊन यावे. आता डोळ्यांसमोर आणा, आपलाच माणूस. एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकणारा, रांग मोडून आत घुसणारा, खांबाच्या कोपऱ्यात पिचकारी मारणारा. तोच माणूस अर्ध्या तासाने श्री गजानन महाराज संस्थानच्या दर्शनबारीत उभा असतो आणि तिथे तो थुंकत नाही, ढकलत नाही, ओरडत नाही. हातातला प्लास्टिकचा कागद खिशात ठेवतो. अर्ध्या तासात त्याचा स्वभाव बदलला का? त्याने ध्यान केले का? बदलली ती जागा.

यावर लगेच उत्तर येते, ‘ती महाराजांवरची श्रद्धा आहे हो डॉक्टर.’ श्रद्धा आहेच, मी ती नाकारत नाही. पण श्रद्धा काय फक्त शेगावलाच असते? गाभाऱ्यापर्यंत पोचताना धक्काबुक्की होणारी, दर्शन घेऊन बाहेर पडेपर्यंत चप्पल आणि पाकीट दोन्हींची काळजी वाहावी लागणारी तीर्थक्षेत्रे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथल्या भक्तांची श्रद्धा कमी नसते. फरक व्यवस्थेचा आहे. शेगावला रांगेत बसायला जागा असते, प्यायला पाणी असते, पुढे किती वेळ लागेल याचा अंदाज असतो. फरशी सतत पुसली जात असते. पांढऱ्या पोशाखातला सेवेकरी हात जोडून ‘माउली, पुढे चला’ म्हणतो. दर्शन झाल्यावर महाप्रसाद मिळतो. हे सगळे हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन करतात. कै. शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके जे उभे केले, ते मला डॉक्टर म्हणून नेहमी एक मोठा दवाखाना वाटत आले आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या व्यवस्थापनाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याचा रक्तदाबाशी काय संबंध, हे मात्र कोणी लिहिले नाही.

संबंध असा आहे. आपल्या मेंदूला चोवीस तास एक काम असते: आजूबाजूला धोका आहे का, हे पाहत राहणे. धोका वाटला की ॲड्रिनॅलिन सुटते, छाती धडधडते, रक्तदाब वर जातो, रक्तातली साखर वाढते, पोटाचे काम मंदावते. धोका लांबला तर कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक कामाला लागते. वाघ समोर आला तर ही उत्तम सोय आहे, कारण वाघ दहा मिनिटांत जातो किंवा आपण जातो. पण कर्कश हॉर्न, अपमान, ‘आपला नंबर कधी लागेल’ ही अनिश्चितता, अनोळखी गर्दी, यांनाही मेंदू धोकाच समजतो, आणि यातले काहीच दहा मिनिटांत जात नाही. महिनोन्‌महिने हे चालले की मग ॲसिडिटी, मानदुखी, रात्री तीनला उघडणारे डोळे, न उतरणारी शुगर घेऊन माणूस आमच्याकडे येतो. शेगावच्या बारीत पाणी, जागा, वेळेचा अंदाज आणि आदराचा शब्द या चार गोष्टी मिळतात आणि मेंदूला पहारा सैल करता येतो.

आमच्या शास्त्राने हे कधीच मान्य केलेले आहे, फक्त मोठ्याने सांगितले नाही. रक्तदाब कसा मोजावा, याचा नियम पाहा. रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत जागेत बसवावे, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत, मोजताना त्याच्याशी बोलू नये. नुसते बोलले तरी वरचा आकडा दहाएक पॉइंटने चढू शकतो. काही जणांचा रक्तदाब घरी नॉर्मल असतो आणि दवाखान्यात वाढतो, त्याला तर स्वतंत्र नावच आहे, ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’. पाच मिनिटांची खोली जर आकडा बदलत असेल, तर दहा-बारा तासांचे ऑफिस काय करत असेल?

आणि केवळ आकडाच नाही. अमेरिकेत पेनसिल्वेनियातील एका रुग्णालयाचा अभ्यास रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर २३ रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती आणि त्यांच्यासारख्याच दुसऱ्या २३ जणांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकाचे जोरदार डोस कमी लागले. अभ्यास लहान आहे, पण त्यानंतर जगभर रुग्णालयांच्या आराखड्यांत खिडक्यांचा विचार सुरू झाला. आपल्याकडे मात्र अजूनही पहिली जागा बघतात ती जनरेटरसाठी.

आता कामाच्या जागेकडे येऊ, कारण दिवसाचा मोठा तुकडा तिथेच जातो.

‘मोठ्या पदावर मोठे टेन्शन’ असा एक समज आहे. साहेबाला हार्ट अटॅक येतो, शिपाई बिचारा निवांत. हे खरे आहे का, हे लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून तपासले गेले. त्याला ‘व्हाइटहॉल’ अभ्यास म्हणतात, आणि सर मायकेल मार्मट यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. निघाले उलटेच. सर्वांत खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्याचा हिशेब लावल्यावरही फरक मिटला नाही. यातला कोणी उपाशी नव्हता, सगळे पक्क्या नोकरीतले, एकाच शहरातले. १९८५ पासून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास झाला, तेव्हा एक कारण पुढे आले: आपल्या कामावर आपला ताबा किती. अमेरिकेतील रॉबर्ट कारासेक यांनीही १९७९ मध्ये तेच मांडले होते. काम जास्त असणे तितकेसे वाईट नाही. काम जास्त आणि अधिकार शून्य, ही जोडी माणसाला खाते.

ही जोडी आमच्या ओपीडीत रोज येते. कर्जवसुलीच्या कामावर असलेला एक तिशीच्या आतला मुलगा माझ्याकडे येत असे. सकाळी सातला मोटारसायकलवर निघायचे, पाच-सहा गावांतल्या महिला गटांचे हप्ते गोळा करायचे, आणि एखादीचा हप्ता नाही आला तर संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याचे नाव लाल रंगात यायचे. हप्ता चुकवणे त्याच्या हातात नव्हते, मुदत देणेही नव्हते. रक्तदाब १६०. त्याच महिन्यात जवळच्याच गावातली एक बाई आली, छातीत धडधड, जेवण जात नाही, दारात गाडीचा आवाज आला की हातपाय गार पडतात. ईसीजी व्यवस्थित. बोलता बोलता कळले की दारात येणारी ती गाडी वसुलीची. दोघांनाही ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा. मी दोघांना औषधे दिली, ती द्यावी लागतातच. पण त्यांच्या आजाराचे मूळ एकाच वसुलीच्या वहीत होते आणि त्या वहीला गोळी लागू पडत नाही.

बँकेच्या काउंटरवरचा कारकून, एका मानधनात दहा रजिस्टरे भरणारी आशाताई, ऐन हंगामात जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत आणि यंत्रांच्या आवाजात रात्रपाळी करणारा मजूर, दिवसभर बसायला स्टूल न मिळणारी कापड दुकानातली मुलगी: नावे वेगळी, गोष्ट तीच. दुकानातल्या मुलीचे तर सोपे आहे. एक स्टूल द्या. मालक म्हणतात, गिऱ्हाइकाला आळशी दिसते. मग तिच्या पायाच्या सुजेच्या गोळ्यांचे पैसे तरी द्या.

पुण्याला गेलेल्या आमच्या मुलांचे आणखी वेगळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांची ९० तासांची भाषा देशभर गाजली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशेब त्यांच्या टेबलावर नसावा. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. हे शास्त्र आहे, आळशांचे रडगाणे नव्हे. आणि ज्या कंपन्या तासांना हात न लावता वर्षातून एक दिवस ‘वेलनेस’ म्हणून योगा शिक्षक बोलावतात, त्यांनी त्या शिक्षकाचे मानधन वाचवून त्या दिवशी सगळ्यांना पाच वाजता घरी सोडले तर जास्त उपकार होतील.

मन बिघडवण्याचा दुसरा मोठा कारखाना म्हणजे आवाज. यावर मी लिहिले की काही वाचक रागावतात, तरी लिहितो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, मोजक्या सणांच्या दिवशी सरकारने सूट दिली तर बारापर्यंत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. लग्नसराईत आमच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी रात्री साडेदहाला उभे राहा आणि यातला कोणता नियम दिसतो ते सांगा. डीजेच्या भिंती रुग्णालयावरून जाताना काचा थरथरतात. ‘एक दिवसाचा तर आनंद’ हे ठरलेले उत्तर. पण वरात तुमची एक दिवसाची असते, त्या रस्त्यावर राहणाऱ्याच्या कानांवरून हंगामभर वराती जातात. युरोपात विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांना रात्रभर यंत्र लावून तपासले, तेव्हा असे दिसले की झोपेतून जाग न येताही आवाजासरशी रक्तदाब वर जातो. ‘मला तर काही होत नाही, मी झोपतो’ असे म्हणणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांना मात्र ऐकू जात असते. आणि इथे धर्म कोणताही असो, भोंगा तो भोंगाच. कान कोणाची मिरवणूक आहे हे विचारत नाही.

या सगळ्याहून जड विषय शेताचा. आमच्या जिल्ह्यात सर्वांत जास्त लोकांची कामाची जागा तीच आहे, आणि तिला छप्पर नाही. कारासेकची जोडी इथे पूर्ण लागू होते: मेहनत अफाट आणि ताबा शून्य. पाऊस हातात नाही, भाव हातात नाही, बोंडअळी हातात नाही, विमा कंपनीचा पंचनामा हातात नाही, विहिरीवर वीज रात्री की दिवसा येईल तेही हातात नाही. बुलडाणा हा पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. सरकारने २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्याची मला कदर आहे. नैराश्य हा आजार आहे, तो ओळखला पाहिजे, त्यावर उपचार आहेत. पण समुपदेशक सोयाबीन हमीभावाने विकत घेऊ शकत नाही.

आणि मृत्यूनंतर काय होते? प्रकरण समितीपुढे जाते. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, वसुलीचा तगादा होता का, हे कागद जुळले तर एक लाखाच्या मदतीसाठी ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. चर्चा मग अशी सुरू होते की तो दारू पीत होता, घरी भांडण होते. दारू आणि भांडण काय आभाळातून पडते? जमीन वडिलांच्या नावावर असलेला मुलगा, किंवा नवऱ्याच्या नावावरच्या शेतात राबणारी बाई, यांचे मन सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून कमी खचते का? परिस्थिती आणि मन यांच्यामध्ये ही जी भिंत आपण बांधली आहे, तिची किंमत विधवा मोजतात.

परिस्थिती बदलली की मन सावरते, याचे पुरावे आहेत. इंडोनेशियात २००७ पासून गरीब कुटुंबांना सरकारने थेट पैसे द्यायला सुरुवात केली. ज्या भागांत योजना पोचली तिथे आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या. तिथे कोणी मनावर काही केले नव्हते. श्रीलंकेचे उदाहरण त्याहून मोठे. १९९५ च्या सुमारास तिथला आत्महत्येचा दर जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी होता. सरकारने सर्वांत घातक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत दर ७० टक्क्यांच्या आसपास खाली आला. शेतीचे उत्पन्न त्यामुळे घटले नाही. संकटाचा क्षण अनेकदा थोडा वेळच असतो, आणि त्या वेळात माणसाच्या हाताशी काय आहे यावर तो वाचतो की नाही हे ठरते. म्हणून माझी घरोघरच्या लोकांना हात जोडून विनंती आहे: फवारणीची औषधे घरात, पलंगाखाली, धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका. कुलपाच्या पेटीत, घरापासून दूर ठेवा, आणि किल्ली एकापेक्षा अधिक जणांच्या संमतीने निघेल अशी ठेवा. उरलेले औषध पुढच्या वर्षासाठी साठवू नका. ग्रामपंचायतीला वाटले तर गावात एक सामाईक कुलूपबंद खोली करणे अशक्य नाही. रस्त्याच्या कमानीपेक्षा स्वस्त पडेल.

‘मग डॉक्टर, ध्यान, योग, औषध सगळे फुकट का?’ असे कोणी विचारील. अजिबात नाही. मी स्वतः प्राणायाम सुचवतो. नैराश्याच्या, चिंतारोगाच्या गोळ्या लागतात तेव्हा लागतात, त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. परिस्थिती चांगली असूनही मन आजारी पडते, तेही मी पाहतो, आणि त्यात लाज काही नाही. माझा आक्षेप आहे तो चूल पेटती ठेवून भांड्याला ‘उतू जाऊ नको’ म्हणण्याला. शेगावला वर्षातून एकदा जाऊन आलेला कर्मचारी सोमवारी त्याच खुर्चीवर, त्याच शिव्या खायला बसणार असेल, तर ती शांतता मंगळवारपर्यंत टिकत नाही. साहेबांनीच कधी शेगावला जावे, आणि दर्शन झाल्यावर थोडा वेळ सेवेकऱ्यांकडे पाहत बसावे. तिथे कोणाला ओरडून काम करून घेतले जात नाही, तरी काम होते.

तहसील कचेरीत बसायला बाक, प्यायला पाणी आणि आज काम होणार की नाही हे सांगणारा एक फलक, यासाठी कोणत्या निधीची वाट पाहायची? आमच्या डॉक्टर मंडळींनाही हेच सांगतो. बाहेर शंभर माणसे, मोठ्याने लावलेला टीव्ही, नंबर कधी येईल हे कंपाउंडरलाच ठाऊक, आणि आत गेल्यावर आपण म्हणणार ‘बीपी वाढलंय, टेन्शन घेऊ नका’.

मन फारच खचले असेल, जगू नये असे वाटत असेल, किंवा घरातल्या कोणाबद्दल तशी शंका असेल, तर वाट पाहू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी तपासायला येताना जुन्या फाइलसोबत एका कागदावर एवढे लिहून आणा: दिवसाचे कामाचे तास किती, त्यात बसायला आणि जेवायला वेळ मिळतो का, कामातला कोणता निर्णय तुम्ही स्वतः घेऊ शकता, रात्री झोपता तिथे काय ऐकू येते, आणि कोणाचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. शुगरच्या रिपोर्टआधी मी तो कागद वाचीन.